‘टेन्शन’ घेण्याविषयी

उत्तरपत्रिका तपासताना हल्ली एक वाक्य वारंवार भेटते : विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मधील (१९३९) हॅर्टा ‘टेन्शनमध्ये असते’. नात्झी जर्मनीतून परागंदा झालेली, आश्रयाची शाश्वती नसलेली ज्यू तरुणी आणि सेमिनारची तयारी न झालेला विद्यार्थी, दोघांची सोय एकाच शब्दात! याला आमची हरकत आहे.

हरकत शब्द इंग्रजी असण्याला नाही. भाषाशुद्धीचे सोवळे आम्हांस मानवत नाही. ‘फिकीर’ अरबीतून फारसीमार्गे आली, पण शेजारच्या शब्दांना न हुसकावता नांदली. ‘टेन्शन’ मात्र घोर, विवंचना, तगमग, घालमेल, हुरहुर या साऱ्यांच्या जागी एकटेच ऐसपैस बसले आहे. विवंचनेमागे बहुधा पैशाअडक्याचा प्रश्न असतो. हुरहुरीचे कारण सांगता येत नाही, आणि ती सर्वस्वी नकोशीही नसते. घोर तर कुणाचा तरी असावा लागतो. मसुऱ्यातली म्हातारी ‘जीवाक घोर लागलो’ म्हणाली की ‘कोणाचो?’ हा प्रश्न आपसूक येतो. १९८२च्या गिरणी संपात मुंबईच्या मनिऑर्डरी आटल्या, तेव्हा कोकणातल्या घरांना लागलेल्या घोराला नाव होते, चाळीचा पत्ता होता.

आता त्याच मसुऱ्यात ‘टेन्शन घेव नको’ ऐकू येते. क्रियापद पाहावे. घोर लागतो, धास्ती बसते, काळजी वाटते. यांत माणूस कर्ता नसतो. टेन्शन ‘घेतले’ जाते. म्हणजे न घेण्याची मुभा होती. तरी घेतले, तर दोष घेणाऱ्याचा. ‘काळजी करू नको’ असेही आपण म्हणतोच की, असा आक्षेप येईल. पण त्यामागून ‘मी आहे’ येते, निदान येत असे. पत्रातले ‘काळजी नसावी’ हे खुशाली कळवल्यानंतरच लिहिले जाई. ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणणारा काहीही अंगावर न घेता निघून जातो.

‘तणाव’ हा पर्यायही आम्हांस रुचत नाही. त्याच्या पोटात दोरी आहे, पण ती कोण ओढतो हे तोही सांगत नाही. शिवाय दंगलीनंतरच्या ‘तणावपूर्ण शांतते’ने तो पुरता झिजला आहे. समीक्षेची तर आणखीच पंचाईत. ॲलन टेटने १९३८मध्ये ‘एक्स्टेन्शन’ आणि ‘इन्टेन्शन’ यांचे उपसर्ग छाटून ‘टेन्शन’ ही संज्ञा घडवली, ती कवितेचा गुण म्हणून. वर्गात ती शिकवताना आमचा अर्धा तास कवीला कसलेही टेन्शन नव्हते, हे पटवण्यात जातो.