बुद्धिबळातील हल्ला आणि त्याची पूर्वतयारी

शिरूर व दौंड तालुक्यांतून आमच्याकडे शिकावयास येणाऱ्या मुलामुलींस बुद्धिबळाची गोडी लागत आहे, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु पालकांचे दोन आक्षेप आमच्या कानी येतात. या खेळाने अभ्यास बुडतो हा पहिला. आणि प्रतिपक्षाच्या राजावर तुटून पडण्याच्या नादाने मुले उतावळी होतात हा दुसरा.

उतावळेपणा दिसतो खरा. तिसऱ्याच खेळीस वजीर बाहेर काढावा, त्याने एकट्याने शह देत सुटावे, आणि घोडे व उंट घरीच बांधून ठेवावे, असा कित्येकांचा क्रम असतो. तथापि हा दोष हल्ल्याचा नव्हे. मशागतीवाचून केलेल्या पेरणीचा होय.

1889 साली ॲमस्टरडॅमच्या स्पर्धेत इमॅन्युएल लास्कर याने बाउअर याच्याशी खेळलेला डाव पाहावा. लास्कर तेव्हा वीस वर्षांचा गणिताचा विद्यार्थी होता. पंधराव्या खेळीस त्याने प्रतिपक्षाच्या राजापुढील प्यादे मारून आपला एक उंट बळी दिला, व सतराव्या खेळीस दुसराही. राजा उघडा पडला, आणि मात चुकविण्यासाठी बाउअरला वजीर द्यावा लागला. लोक या दोन उंटांचे कौतुक करितात. आम्ही विद्यार्थ्यांस आधीच्या चौदा खेळ्या पाहण्यास सांगतो. त्यांत दोन्ही उंट त्या बाजूवर रोखले गेले, स्वतःचा राजा किल्लेकोटात सुरक्षित झाला, एक घोडा मुक्काम करीत करीत तेथे पोहोचला, आणि प्रतिपक्षाचा रक्षक घोडा जागेवरून हलला. पुढे बाविसाव्या खेळीस वजिराने एकदम दोन उंटांवर रोख धरला, तेव्हा कोठे दिलेल्या बळीची पुरती भरपाई झाली. एवढे आधी दिसले नसते, तर तो त्याग नव्हे, उधळपट्टी ठरली असती.

आता अभ्यासाविषयी. हाच लास्कर 1894 ते 1921 पर्यंत जगज्जेता होता, आणि त्या पदावर असतानाच त्याने गणितात डॉक्टरची पदवी मिळविली. आपल्याकडेही 1955 साली एलुरू येथील पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे अजिंक्यपद डी. वेंकय्या यांच्यासह मिळविणारे मुंबईचे रामचंद्र सप्रे हे प्राध्यापक होते. मुलींच्या पालकांनी नागपूरच्या दिव्या देशमुखकडे पाहावे. 2025 साली बातुमी येथे तिने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ती अवघी एकोणीस वर्षांची होती.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, खेळाची वेळ ठरवून द्यावी, पण पट काढून घेऊ नये. स्पर्धेस जाण्यास पाल्य परवानगी मागेल, तर द्यावी. परत आल्यावर हार की जीत एवढेच न विचारता, डाव लिहून आणण्यास व प्रत्येक खेळीचे कारण सांगण्यास लावावे.

आणि विद्यार्थिमित्रहो, हल्ला अवश्य करा. मात्र त्यापूर्वी आपला राजा सुरक्षित आहे काय, आणि घरी निजलेले एखादे मोहरे राहिले आहे काय, एवढे स्वतःस विचारा. जो चौदा खेळ्या धीर धरण्यास शिकला, त्याच्यावर पंधरावी खेळी निर्धास्तपणे सोपवावी, असे आमचे मत आहे.