फुटपाथ की जिना?

2021 पासून पुणे महापालिका 11 डिसेंबर हा दिवस पादचारी दिन म्हणून पाळते आणि लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा वाहनांना बंद ठेवते. उपक्रम चांगला आहे, नाके मुरडण्याचे कारण नाही. पण लक्ष्मी रस्त्यावर एरवीही वाहने मुंगीच्या पावलांनीच सरकतात. पायी चालणाऱ्याच्या जिवावर बेतते ते नगर रस्त्यावर, सोलापूर रस्त्यावर, नवले पुलाच्या परिसरात, आणि तिथे रस्ता अडवून सोहळा करता येत नाही.

2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांतले 32,825 पादचारी होते, म्हणजे जवळपास पाचातला एक. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नीट फुटपाथ मिळणे हा घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. हक्क मिळाला हे बरे झाले. आता तो वापरायचा कुठे, एवढाच प्रश्न उरतो.

उपनगरातला कुठलाही फुटपाथ घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सांगतात की चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि फुटपाथची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. प्रत्यक्षात आधी गुडघाभर चढायचे, पंधरा पावलांवर सोसायटीचे गेट आले की उतरायचे, पुन्हा चढायचे, मध्ये विजेचा डीपी आला की त्याला वळसा घालायला रस्त्यावर यायचे. गेटात शिरणाऱ्या गाडीला धक्का बसू नये म्हणून फुटपाथ कापलेला असतो. गुडघे दुखणाऱ्या आजी दोन-तीनदा ही कसरत करतात आणि मग सरळ डांबरावरून चालू लागतात. त्यावर आपण म्हणणार, लोकांना शिस्त नाही, फुटपाथ असून वापरत नाहीत!

सायकलवाल्याची गत निराळी नाही. 2017 मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, त्याच सुमारास भाड्याच्या सायकलीही आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. जुने सायकल ट्रॅक मात्र जागोजागी आहेत: उखडलेले पेव्हर ब्लॉक, तोंडाशी खांब, मध्ये बसथांबा आणि बाकी जागेत दुचाकींचे पार्किंग. रविवारी पहाटे सिंहगडाकडे निघणाऱ्या हौशी मंडळींचे यावाचून अडत नाही, त्यांच्याबद्दल समाज माध्यमांवर बोलणारेही पुष्कळ. रात्रपाळी संपवून सायकलने घरी जाणाऱ्या वॉचमनबद्दल कोण बोलणार?

फुटपाथवरच्या या कसरतीवर उपाय आहे आणि त्याला भूसंपादन लागत नाही. गेटापाशी, गल्लीच्या तोंडाशी फुटपाथ त्याच पातळीवर पुढे न्यायचा. चढायचे ते गाडीने. असा उंचवटा आला की चालकाला वेग कमी करावाच लागतो, हवालदार असो वा नसो. झेब्रा क्रॉसिंगही असेच उचलून घेता येते. चौकातल्या कोपऱ्यांची ऐसपैस वळणे आवळावीत आणि फ्री लेफ्ट नावाचा प्रकार बंद करावा, कारण सिग्नल लाल असतानाही डावीकडून येणाऱ्या गाड्यांची रांग तुटत नाही आणि पायी चालणाऱ्याची पाळी कधी येतच नाही. पार्किंगची जागा जाईल, वाहनचालकांचे एखादे मिनिट जास्त मोडेल, ओरड होईल. होऊ द्यावी. नव्याने केलेल्या जंगली महाराज रस्त्याच्या रुंद फुटपाथवरही ओरड झालीच होती, आज तिथे बाकांवर बसायला जागा मिळत नाही.

याच रस्त्याची एक गोष्ट पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. 1976 मध्ये तो बांधणाऱ्या कंपनीने दहा वर्षांची हमी दिली आणि खड्डा न पडता रस्ता त्याच्या कितीतरी पुढे टिकला. डांबराच्या ठेकेदाराची अशी आठवण ठेवणाऱ्या या शहराला फुटपाथच्या एकाही ठेकेदाराचे नाव ठाऊक नसावे. फुटपाथची हमी कोणी मागितलीच नाही. आयुक्तांच्या पुढच्या अंदाजपत्रकात तरी याची सुरुवात व्हावी. फुटपाथ आणि सायकल ट्रॅकच्या प्रत्येक निविदेत दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, घालावा, आणि दोष म्हणजे केवळ उखडलेली फरशी नव्हे. केबलसाठी खणून तसाच सोडलेला चर आणि वाटेत नव्याने उभा राहिलेला डीपीही त्यात धरावा.