पाव गुणाची धास्ती



'रोज दोन सराव परीक्षा दिल्याशिवाय लॉ सीईटी निघत नाही,' हे रविवारचं पत्र वाचलं. पत्रलेखकांनी देशपातळीवरची कायद्याची प्रवेश परीक्षा क्लॅट आणि राज्याची सीईटी एकाच तराजूत तोलली आहे. क्लॅटमध्ये चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात. आपल्या सीईटीत काहीच कापत नाहीत, शिवाय प्रश्न मराठीतही असतात. तरी माझ्या मुलीनं सरावात २२ प्रश्न कोरे सोडले होते, निव्वळ धास्तीनं! शेवटच्या आठवड्यात सरावच बंद केला. उन्हं उतरली की गच्चीवर पाणी मारायचं, सतरंजी टाकायची आणि घटनेची कलमं एकमेकींना विचारायची. भाकरी-शेंगाचटणी पोटभर जाऊ लागली, झोपही लागली.

मुलांच्या ताणाला वापरलेला 'नाटकं' हा शब्द मात्र पत्रलेखकांनी मागे घ्यावा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक नाटकं ऐकायला ठेवलेला नाही.

— एक आई, जुळे सोलापूर