शंकरपटाचा थाट कोणासाठी?

परमुलखात नोकरीनिमित्त येऊन स्थिरावलेल्या मराठी माणसाने आपल्या मुलखातील कोणत्या गोष्टींचा अभिमान बाळगावा, याची एक अलिखित यादी केव्हाच तयार होऊन बसली आहे. तीत ज्ञानेश्वरी आहे, नाट्यसंगीत आहे, गणेशोत्सव आहे, आणि पुरणपोळीही आहे. बैलांच्या शर्यतीला मात्र तीत स्थान नाही. रायपुरात चार मराठी मंडळी जमली असता कोणी शंकरपटाचा विषय काढलाच, तर ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट स्मित उमटते. ‘अहो, ते खेडवळ प्रकरण तुम्ही अजून पाहायला जाता?’ असा त्या स्मिताचा अर्थ असतो. होय, आम्ही जातो. नागपूरच्या गाडीत बसले, की दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड मागे टाकून काही तासांत गोंदिया येते. आणि धानाची कापणी-मळणी उरकली, की त्या पट्ट्यात गावोगाव पट भरू लागतात. आम्ही पटाचे शौकीन आहोत, आणि ते लपविण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. परंतु या लेखात केवळ नाके मुरडणाऱ्यांचा समाचार घेऊन आम्ही थांबणार नाही. पट भरविणाऱ्यांना आणि आमच्याच शौकीन बांधवांनाही चार शब्द सुनावण्याचा आमचा विचार आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे प्राप्त आहे. पुण्याकडे जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांत ‘बैलगाडा’ म्हणतात. तेथे चार बैलांचा गाडा घाटाच्या चढावरून धावतो, पुढे घोडीस्वार असतो, आणि गाड्यावर हाकणारा कोणीच नसतो. सातारा-सांगलीकडे हलक्या छकड्यांची शर्यत सपाट मैदानावर होते. आपल्या पूर्व विदर्भात शंकरपट. एक जोडी, एक हलका छकडा आणि त्यावर उभा असलेला धुरकरी. सारा निकाल काही सेकंदांत लागतो, आणि त्या सेकंदांचेही अंश मोजले जातात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट तर पिढ्यान्‌पिढ्या विख्यात आहे.

पण धाव ही पटाची केवळ शेवटची ओळ होय. तिच्या आधीचा सारा मजकूर म्हणजे पटाचा थाट. शिंगे रंगविलेली, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा, अशी जोडी वाजतगाजत मैदानात येते. निवेदक ध्वनिक्षेपकावरून बैलांची नावे, मालकाचे नाव, गावाचे नाव पुकारतो. पुण्याकडे भंडारा उधळला जातो. झाडीपट्टीत तर पट म्हणजे गावाची दुसरी दिवाळीच. लेकी-जावई, पाहुणेरावळे त्या निमित्ताने गावी येतात, दिवसा पट आणि रात्री वडसा-देसाईगंजच्या मंडळींचे नाटक, असा तो बेत असतो. ज्याने झाडीपट्टीची रंगभूमी गौरविली, त्याने हेही ध्यानात घ्यावे, की तिच्या कित्येक प्रयोगांचा प्रेक्षक पटाच्या मैदानावरूनच उठून आलेला असतो.

आमच्या सुशिक्षितांचा कटाक्ष नेमका या थाटावर आहे. धावायचे तर धावा, पण हा गाजावाजा, हा गुलाल, हा आरडाओरडा कशाला, असे ते विचारतात. आमचे म्हणणे असे, की हा थाटच पटातील सर्वांत जबाबदार भाग आहे. बैलाचे नाव चारचौघांत पुकारले गेले, की तो बैल मालकाची केवळ मालमत्ता राहत नाही; तो गावाच्या अब्रूचा धनी होतो. सजविलेल्या बैलाच्या अंगावरील वळ लपत नाही. हजारो डोळ्यांसमोरून चालत गेलेली जोडी लंगडत असेल, तर ते पाहणारा शेतकरी असतो, आणि शेतकऱ्याच्या नजरेतून बैलाचे पाऊल सुटत नाही. अशा मैदानावर क्रौर्य करणे अशक्य असते असे आम्ही म्हणत नाही. तेथे ते उघडे पडते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

खेडवळपणाचा शिक्का बसलेला हा काही जगातील एकटाच खेळ नव्हे. अमेरिकेतील स्टॉक कारच्या शर्यतीचे उदाहरण घ्या. स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात विकत मिळते तशीच साधी मोटार. दक्षिणेकडील डोंगराळ मुलखात चोरटी दारू वाहून नेणारे लोक पोलिसांना हुलकावणी देण्यासाठी असल्या मोटारी वेगवान करून घेत. त्यांच्यापैकी काहींनी धुळीच्या मैदानांवर शर्यती केल्या, आणि १९४८ मध्ये या खेळाची ‘नॅस्कार’ ही संघटना स्थापन झाली. शहरी लोकांनी तिचीही यथेच्छ टिंगल केली. आज त्याच शर्यतीपूर्वी प्रार्थना होते, राष्ट्रगीत होते, डोक्यावरून विमाने जातात. आणि प्रेक्षक आपल्या आवडत्या चालकाचा क्रमांक दैवताच्या चिन्हासारखा मिरवितात. परंतु आमच्या शौकिनांनी तेथून घेण्यासारखा धडा निराळाच आहे. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट हा त्या खेळाचा लाडका वीर अखेरच्या फेरीत भिंतीवर आदळून मरण पावला. त्याच वर्षी डोके व मान यांना आधार देणारे साधन प्रत्येक चालकास सक्तीचे झाले. पुढे २०२० मध्ये, गुलामगिरीच्या पक्षाने यादवी युद्धात वापरलेला झेंडा शर्यतीच्या आवारात आणण्यास मनाई झाली. कित्येक शौकिनांना तो झेंडा म्हणजे थाटाचाच भाग वाटत असे. खेळही राहिला आणि थाटही राहिला, मात्र त्यातील जे घातक होते ते काढावे लागले.

येथे आमचे प्रतिपक्षी म्हणतील, की मोटारीला वेदना नसतात आणि चालक स्वखुशीने बसतो. बैलाला कोणी विचारले? आक्षेप खरा आहे, आणि त्याला बगल देणे आम्हांस शोभणार नाही. टोकाला आर लावलेली पराणी, पिरगळलेले शेपूट, विजेचा धक्का, हे प्रकार झालेले आहेत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती अवैध ठरविल्या, तेव्हा बैलाचे शरीर घोड्यासारखे धावण्यासाठी घडलेले नाही, असेही मत नोंदविले. त्या निकालाला परंपरेच्या नावाने शिव्या घालणाऱ्यांत आम्ही नाही. सतीचीही परंपराच होती.

तथापि दोन गोष्टी बोलल्याच पाहिजेत. पहिली न्यायाची. मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर एकोणिसाव्या शतकापासून घोडे धावत आहेत, त्यांच्या पाठीवर चाबूक आहे, आणि त्यांच्यावर पैजा लागतात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. तेथे उंची टोप्या घालून जाणे प्रतिष्ठेचे, आणि पटाला मुंडासे बांधून जाणे रानटीपणाचे! ज्याला प्राण्याची कणव आहे त्याने दोन्ही मैदानांवर ती दाखवावी. एकाच मैदानावर दाखविलेली कणव ही पुष्कळदा कपड्यांवरून केलेली निवड असते.

दुसरी गोष्ट अनुभवाची. बंदी आली म्हणून शर्यती थांबल्या काय? थाट तेवढा थांबला. २० ऑगस्ट २०२१ रोजी सांगली जिल्ह्यात झरे येथे पोलीस बंदोबस्त चुकवून पहाटेच शर्यत उरकण्यात आली, हे सर्वांनी वाचले आहे. आडरानात, भल्या पहाटे, घाईघाईने धावणाऱ्या जोडीला कोणता पशुवैद्य तपासणार? तेथे निवेदक नाही, लेकी-जावई नाहीत, आणि पराणी लपविण्याची गरजही नाही. थाट गेला आणि साक्षीदार गेले.

आता कायद्याची स्थिती निराळी आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये केंद्रीय कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना अंतरिम अनुमती दिली. आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तीन राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. त्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, धाव एक हजार मीटरच्या आत हवी, बैलाची वैद्यकीय तपासणी हवी. काठी, चाबूक, विजेचा धक्का निषिद्ध. बैलाला इजा करणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. लढाई आपण जिंकलो, असे शौकीन म्हणतात. आम्ही म्हणतो, आपणांस जामिनावर सोडले आहे.

कारण अलीकडे मैदानांवर काय दिसते? बैलाच्या झुलीपेक्षा पुढाऱ्याचा फलक मोठा. निवेदकाचा अर्धा वेळ मान्यवरांची नामावळी वाचण्यात जातो, आणि जोडीचे नाव मात्र घाईत उरकले जाते. बक्षीस म्हणून मोटारी ठेवतात, ट्रॅक्टरही ठेवतात. ज्या ट्रॅक्टरने बैलाला शेतातून हुसकावले, तोच त्याच्या पराक्रमाचे पारितोषिक व्हावा, याहून कडू विनोद कोणता? बक्षीस जेवढे फुगते तेवढा पराणीचा मोह वाढतो, हे समजण्यास पदवी लागत नाही. सुशिक्षित ज्याची टिंगल करतात तो थाट बैलाचा होता. आज जो वाढत आहे तो थाट बैलाचा नाही. टिंगल करावयाची तर याची करा, आम्ही तुमच्या सुरात सूर मिळवू.

वाचकहो, तुम्हांपैकी पुष्कळांचे आयुष्य परवानग्या, दाखले आणि शेरे यांत गेले आहे. आमचेही तसेच चालले आहे. न तपासलेल्या बैलाच्या दाखल्यावर सही कशी होते, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. म्हणूनच हा विषय तुमचा आहे. सुटीत गावी जाल तेव्हा पटाला जा. आणि तपासणीचा दाखला कोठे आहे, असे आयोजकास सर्वांदेखत विचारा. जो धुरकरी पराणी उगारील, त्याची जोडी पहिली आली तरी टाळी वाजवू नका. शेजाऱ्यालाही वाजवू देऊ नका. शौकिनाची टाळी हीच पटाची खरी परवानगी आहे. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून मिळत नाही.

आणि ज्यांना पटाला जाणे कमीपणाचे वाटते, त्यांनी निदान पोळ्याच्या दिवशी रायपुरातच डोळे उघडे ठेवून हिंडावे. १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच प्रांतात होती. सीमा बदलल्या, पण पोळा दोन्हीकडे त्याच अमावास्येला येतो. घरोघर ठेठरी-खुरमी होते, मातीच्या नांदिया बैलाची पूजा होते, आणि मुले त्याला दोरी बांधून गल्लीतून ओढीत नेतात. त्या मुलांना अजून ठाऊक आहे, की हे खेळणे एका जिवंत प्राण्याची प्रतिमा आहे. शेतात ट्रॅक्टर आला, गाडीरस्त्यावर मालमोटार आली. खेड्यात बैलाला हौसेने पोसण्याची जी थोडी कारणे उरली, त्यांतले पट हे एक मोठे कारण आहे. ते क्रौर्याने कलंकित झाले तर न्यायालय ते पुन्हा बंद करील, आणि ते योग्यच होईल. ते आपल्या तुच्छतेने मेले, तर मात्र मातीच्या बैलाकडे बोट दाखवून हा कोण, असे विचारणाऱ्या नातवंडांना उत्तर देण्याची जबाबदारी आपणावर येईल. त्या वेळी आपले ते स्मित फारसे उपयोगी पडणार नाही.