कूलरमागचे राऊटर

अमरावती-अकोल्याच्या उन्हाळ्यात महाविद्यालयाच्या कार्यालयातील वाय-फाय रखडते, शिष्यवृत्तीचे अर्ज अडतात आणि नवे राऊटर मागवण्याची घाई होते. मला ती पटत नाही. आधी संगणकाच्या वाय-फाय ॲडॉप्टरची प्रगत सेटिंग उघडून पट्टा पाहा. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची ६. पहिला पट्टा लांब पोचतो, पण तिथे गर्दी फार. एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ व ११. राऊटर जवळ असेल तर ५ चा पट्टा निवडावा. मात्र मध्ये आपला डेझर्ट कूलर असेल, तर सेटिंग बिचारी काय करणार? पत्रा लहरी परतवतो, पाणी शोषते. आम्ही राऊटर कूलरमागून काढून भिंतीवर उंच लावले; खर्च दोन खिळ्यांचा.