जमिनीऐवजी धान्य

इ.स.पू. १३७ मध्ये टायबेरियस ग्रॅकस हा तरुण रोमन अधिकारी स्पेनमधल्या नुमान्शियाच्या मोहिमेवर निघाला. वाटेत एट्रुरियाचा मुलूख लागला. गावे ओस पडली होती. शेतात राबणारे आणि गुरे राखणारे हात परमुलखातून आणलेल्या गुलामांचे होते. टायबेरियसच्या राजकारणाचे बीज या प्रवासात पडले, असे त्याच्या धाकट्या भावाने, गायसने, पुढे लिहून ठेवले.

लोकानुनयाचा विषय निघाला की रोमचा दाखला हमखास दिला जातो. गर्दीला फुकट धान्य आणि खेळतमाशे मिळाले, गर्दी बहकली आणि प्रजासत्ताक बुडाले, असा त्याचा सूर असतो. आम्हाला तो मान्य नाही. धान्य नंतर आले. रोमच्या गरिबाने आधी जमीन मागितली होती.

त्या मागणीत अवाजवी काही नव्हते. सैन्यात जायला थोडीबहुत मालमत्ता लागे, म्हणजे शेतकरीच सैनिक. तो वर्षानुवर्षे परमुलखात लढे, मागे शेत कर्जात जाई आणि बड्या जमीनदाराच्या घशात पडे. जिंकलेल्या प्रदेशातली सरकारी जमीनही धनिकांनीच बळकावलेली होती. अशी जमीन एकाकडे ५०० युगेरांपेक्षा, म्हणजे सुमारे ३१० एकरांपेक्षा जास्त नसावी, हा नियम जुनाच; पण कागदावरचा. टायबेरियस इ.स.पू. १३३ मध्ये ट्रिब्यून, म्हणजे सामान्य प्लेबियनांनी निवडलेला त्यांचा रक्षक झाला आणि त्याने तोच नियम लागू करून वरची जमीन भूमिहीनांना वाटण्याचा कायदा मांडला. मुलांच्या नावे जादा जमीन ठेवण्याची मुभाही दिली. महाराष्ट्राच्या १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याची आठवण व्हावी अशी ही रचना. फरक एवढाच की रोममधली ही जमीन मुळात सरकारचीच होती.

त्याचाच सहकारी ट्रिब्यून ऑक्टेव्हियस याने नकाराधिकार वापरला, तेव्हा टायबेरियसने लोकांच्या मतावर त्याला पदावरून काढले. इथे टायबेरियस चुकला, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. आपल्या आड येणारा तो लोकांच्या आड येतो, मग तो लोकांचा प्रतिनिधी उरत नाही, हा त्याचा युक्तिवाद. आजच्या लोकानुनयाचा गाभा नेमका हाच आहे. आपण हरूच शकत नाही, असे अमेरिकेत नेत्याने सांगितले आणि ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये जमाव संसदेच्या इमारतीत घुसला.

पण रोममध्ये पहिले रक्त सांडले ते सिनेट या उमरावांच्या सभेतल्या मंडळींनी. टायबेरियस पुन्हा निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा धर्मपीठाचा प्रमुख स्किपिओ नासिका याच्या मागोमाग ते धावून आले. बाकांचे पाय मोडून त्यांनी हाणामारी केली. टायबेरियस आणि त्याचे सुमारे तीनशे साथीदार मारले गेले, प्रेते टायबर नदीत फेकली गेली.

दहा वर्षांनी गायस ट्रिब्यून झाला आणि त्याने सवलतीच्या दराने धान्याचा कायदा केला. त्याला शह द्यायला सिनेटने ड्रूसस नावाच्या ट्रिब्यूनला पुढे केले. गायसने जमीन देऊन वसवायच्या थोड्या वसाहतींचे वचन दिले होते, ड्रूससने बारा वसाहतींचे दिले. लोक तिकडे वळले. इ.स.पू. १२१ मध्ये गायसही मारला गेला. ड्रूससच्या वसाहती कधी उभ्याच राहिल्या नाहीत.

२०२४ मध्ये महाराष्ट्राने अशीच चढाओढ पाहिली. ‘लाडकी बहीण’ योजनेतून महिलांना महिना १,५०० रुपये मिळू लागले. निवडणूक आली तशी एका आघाडीने २,१०० आणि दुसरीने ३,००० कबूल केले. ते पैसे घेणाऱ्या बाईला नावे ठेवणाऱ्यांशी आमचे मुळीच जमत नाही. तिच्या घरच्या गरजेला ते लागतात. पण त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याखाली विकला जात होता. तिच्या घराने भाव मागितला होता. तो देण्याची चढाओढ अशा हिरिरीने लागली नाही, याचा आम्हाला मनापासून संताप आहे.

रोममध्ये जमिनीचा प्रश्न तसाच राहिला. इ.स.पू. १०७ मध्ये सेनापती मारियसने भूमिहीनांना सैन्यात घेतले. सैनिक आता जमिनीसाठी सेनापतीच्या तोंडाकडे पाहू लागला. इ.स.पू. ८८ मध्ये सेनापती सुल्ला असे सैन्य घेऊन खुद्द रोमवर चालून आला. इ.स.पू. ५८ मध्ये ट्रिब्यून क्लोडियसने धान्य पूर्ण फुकट केले. सीझरने मोजदाद केली तेव्हा ते घेणारे ३ लाख २० हजार निघाले. इ.स.पू. २३ मध्ये पहिला सम्राट ऑगस्टस याने ट्रिब्यूनचे सगळे अधिकार तहहयात स्वतःकडे घेतले. धान्य सुमारे दोन लाख लोकांना मिळतच राहिले.