उंचीची किंमत आणि नजरेचे मोल

ऑक्टोबर २०२३ मध्ये झालेल्या प्रो कबड्डीच्या लिलावात तेलुगू टायटन्स या संघाने पवन सेहरावत या चढाईपटूसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. प्रत्येक संघाला खेळाडूंवरील खर्चासाठी ५ कोटी रुपयांची मर्यादा होती. म्हणजे एका खेळाडूपायी निम्म्याहून अधिक तिजोरी रिती झाली. हंगाम संपला तेव्हा हा संघ बारा संघांत अखेरच्या स्थानी होता. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुई या बचावपटूसाठी २ कोटी ३५ लाख रुपये दिले होते. पुण्याच्या या संघाने १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून आपले पहिले विजेतेपद मिळविले.

दोन संघांनी एकेका खेळाडूवर जवळजवळ सारखाच पैसा ओतला आणि फळे मात्र दोन टोकांची मिळाली. सेहरावत कमी पडला असे म्हणता येणार नाही. त्याने हंगामात भरपूर गुण मिळविले. फरक पडला तो संघातील उरलेल्या खेळाडूंमुळे. पुण्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते अशी चढाईपटूंची फळी आधीच उभी होती. यांतील बहुतेक मुले कोवळ्या वयात हेरून संघात घेतलेली आणि तेथेच घडलेली होती; त्यांच्यासाठी लिलावातील चढाओढीचा भाव द्यावा लागला नव्हता. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातून आलेला कर्णधार अस्लम इनामदार त्या हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. वास्तविक चढाईतील सर्वाधिक गुण त्याच्या नावावर नव्हते. ते दिल्लीच्या आशू मलिकने मिळविले होते. गुणांच्या बेरजेत पूर्णपणे न मावणारे असे काहीतरी त्याच्या खेळात होते आणि त्याचे मोल अखेर मान्य झाले.

हे ‘काहीतरी’ म्हणजे काय, आणि बाजार ते वेळीच का ओळखत नाही, हा प्रश्न केवळ कबड्डीपुरता नाही. माणसाच्या गुणवत्तेची किंमत कशी ठरते, या अर्थशास्त्रातील जुन्या प्रश्नाचेच ते एक रूप आहे.

फूटपट्टीचा मोह

या प्रश्नाची सर्वांत उघड चर्चा अमेरिकेत झाली आहे. तेथील फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलहून अगदी निराळा खेळ असून त्यात ‘क्वार्टरबॅक’ हा आक्रमणाचा सूत्रधार असतो. त्याच्यापुढे स्वतःच्याच संघातील पाच धिप्पाड खेळाडूंची भिंत उभी असते आणि ती भेदू पाहणारे प्रतिस्पर्धी तितकेच धिप्पाड असतात. त्या भिंतीपलीकडे धावणाऱ्या सहकाऱ्यांपैकी मोकळा कोण आहे हे हेरून त्याला जेमतेम तीन सेकंदांत चेंडू फेकायचा असतो. यावरून क्वार्टरबॅक सव्वासहा फुटांच्या आसपास असावा, असा संकेत दीर्घकाळ रूढ झाला. संकेतामागील तर्क सरळ होता: उंच माणसाला भिंतीवरून दिसते, बुटक्याला दिसत नाही.

तेथे दरवर्षी नव्या खेळाडूंची क्रमवार निवड होते आणि निवडीचा क्रम जितका वरचा तितके वेतन अधिक मिळते. २००१ मध्ये सहा फूट उंचीच्या ड्रू ब्रीसला पहिल्या फेरीत कोणी घेतले नाही. तो ३२व्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे २०१० मध्ये त्याने न्यू ऑर्लिन्सच्या संघाला विजेतेपद मिळवून दिले आणि निवृत्तीच्या वेळी नियमित हंगामात सर्वाधिक अंतराच्या यशस्वी फेकींचा विक्रम त्याच्या नावावर होता. पाच फूट अकरा इंचांचा रसेल विल्सन २०१२ मध्ये ७५व्या क्रमांकापर्यंत थांबला आणि दोनच हंगामांत सिअ‍ॅटलच्या विजेत्या संघाचा सूत्रधार झाला. तेथेही संघाच्या वेतनखर्चाला मर्यादा असल्यामुळे विल्सन स्वस्तात मिळाल्याने वाचलेला पैसा सिअ‍ॅटलला इतर खेळाडूंवर खर्च करता आला. याउलट साडेसहा फुटांच्या जमार्कस रसेलला २००७ मध्ये पहिल्या क्रमांकाचा मान मिळाला. तीन हंगामांत त्याची कारकीर्द आटोपली.

या उदाहरणांवरून उंची निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. बुटक्या खेळाडूची फेक समोरच्या हातांना अडण्याचा संभव अधिक असतो, हे खरेच आहे. शिवाय ब्रीस आणि विल्सन हे कठोर चाळणीतून निसटून वर आलेले अपवादात्मक खेळाडू होत. ज्यांना उंचीअभावी संधीच दिली गेली नाही, त्यांचे यशही नोंदले गेले नाही आणि अपयशही नाही. म्हणून ‘यशस्वी झालेले बुटके खेळाडू आहेत तरी किती?’ हा प्रश्न वरकरणी बिनतोड वाटला, तरी दाराबाहेर उभ्या केलेल्या माणसाला ‘तू आत का दिसत नाहीस?’ असे विचारण्यापैकीच तो आहे.

अधिक उद्बोधक आहे ते यापुढे घडले ते. क्वार्टरबॅकला भिंतीपासून काही पावले मागे उभे करण्याची आणि खेळाडू मैदानभर विखरून ठेवण्याची पद्धत वाढत गेली, तशी त्याला दिसण्यासाठी फटी आणि मोकळ्या वाटा मिळू लागल्या. २०१९ मध्ये कायलर मरे आणि २०२३ मध्ये ब्राइस यंग, हे प्रत्येकी सुमारे पाच फूट दहा इंचांचे क्वार्टरबॅक आपापल्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडले गेले. माणसांची उंची बदलली नव्हती, खेळाची मांडणी बदलली होती. उंचीचे मोल हे अशा रीतीने माणसाच्या अंगभूत गुणापेक्षा तो ज्या व्यवस्थेत उभा आहे तिच्यावर अवलंबून असते.

हाच न्याय आपल्या परिचयाच्या क्रिकेटला लावून पाहता येतो. वेगवान गोलंदाजाला उंचीचा लाभ निर्विवाद आहे. सहा फूट आठ इंचांच्या जोएल गार्नरच्या हातून सुटलेला चेंडू ज्या कोनातून येई, तो कोन दुसऱ्या कोणाला सहजी साधणारा नव्हता. फलंदाजीत मात्र १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यातील चार कसोटींत ७७४ धावा काढणारे सुनील गावसकर आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये शंभर शतके झळकावणारे सचिन तेंडुलकर हे दोघेही सुमारे पाच फूट पाच इंचांचे, म्हणजे १६५ सेंटिमीटरच्या आसपासचे. महाराष्ट्र पोलीस दलात शिपाई म्हणून भरती होण्यासाठी पुरुष उमेदवाराला लागणारी किमान उंचीही १६५ सेंटिमीटरच आहे. म्हणजे भारतीय फलंदाजीचे हे दोन आधारस्तंभ तेथे जेमतेम काठावर उभे राहिले असते!

लाखो अर्जांची छाननी करायची तर शासनाला झटपट आणि वादातीत अशी चाळणी लागते, हे समजण्यासारखे आहे. एडमंड फेल्प्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये या प्रवृत्तीचे विवेचन केले. व्यक्तीची खरी क्षमता जाणून घेणे खर्चिक असते, तेव्हा मालक तिच्या गटाच्या सरासरीवरून तिची पारख करतो. यात द्वेष असावाच लागतो असे नाही. पारख करण्याचा खर्च वाचविणे एवढाच हेतू पुरतो. अडचण येते ती ही चाळणी गुणवत्तेचे माप समजली जाऊ लागते तेव्हा. उंची मोजायला भिंतीवरची एक पट्टी पुरते. खेळाडूची नजर पारखायची तर त्याचा खेळ महिनोन्महिने पाहावा लागतो आणि पाहणाराही जाणता लागतो.

नजर म्हणजे काय?

नजर म्हणजे दृष्टीची तीक्ष्णता नव्हे. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. प्रत्यक्ष डावातील पटाची मांडणी अवघे पाच सेकंद दाखविली, तरी निष्णात खेळाडू बहुतेक सोंगट्या अचूक पुन्हा मांडत. नवशिक्यांना थोड्याच जमत. पण त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या, तेव्हा निष्णात आणि नवशिके यांच्यातील तफावत जवळजवळ नाहीशी झाली. निष्णाताला सुट्या सोंगट्या दिसत नाहीत, त्यांच्यातील संबंध दिसतो. ही दृष्टी वर्षानुवर्षांच्या सरावातून येते. ज्या सायमन यांनी हा प्रयोग केला त्यांनाच १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. अपुऱ्या माहितीच्या आधारे माणूस निर्णय कसा घेतो, हाच त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता.

कबड्डीतील चढाई हे या दृष्टीचे उत्तम उदाहरण होय. साडेसहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अशा अर्ध्या मैदानात सात प्रतिस्पर्धी, हाताशी केवळ तीस सेकंद, आणि परतीची मध्यरेषा पाठीमागे. डाव्या कोपरारक्षकावर लक्ष ठेवावे तर उजवा पाठीकडून सरकतो. बोनस रेषेकडे पाय टाकावा तर मध्यरक्षकांची साखळी वाट अडविते. येथे उंचीचा उपयोग होतोच, कारण लांब हात-पाय गडी दुरून टिपतात. परंतु खेळाडूच्या वजनाला कमाल मर्यादा असल्यामुळे उंचीबरोबर अंगाची भरीव ताकद हवी तेवढी वाढविता येत नाही. उंच चढाईपटूचा लांब पाय घोट्यात पकडणाऱ्याच्या हाती लागू शकतो, आणि लहान चणीचा गडी साखळीखालून डुबकी मारून निसटू शकतो. उंचीचे असे नफ्या-तोट्याचे दोन्ही रकाने आहेत. नजर मात्र उंच खेळाडूलाही लागते आणि बुटक्यालाही. तिच्या बदली दुसरे काही चालत नाही.

बाराव्या वर्षीचा निकाल

लिलावात एखाद्या संघमालकाचा हिशेब चुकला, तर नुकसान त्याचे असते आणि पुढील वर्षी त्याला ते भरून काढता येते. हाच हिशेब शाळकरी वयाच्या निवडीत चुकतो, तेव्हा त्याची किंमत निराळ्याच माणसाला मोजावी लागते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेली बालेवाडीची क्रीडानगरी आज राज्यातील क्रीडा प्रशिक्षणाचे मुख्य केंद्र आहे. तेथील क्रीडा प्रबोधिनीसारख्या निवासी योजनांसाठी मुलांची निवड करताना उंची-वजनासह धाव, उडी आदी शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांवर भर दिला जातो. ठिकठिकाणच्या शाळांतही संघ निवडताना रांगेतील उंच मुलगा आधी नजरेत भरतो.

परंतु बाराव्या वर्षीची उंची ही अंतिम उंची नसते. मुलांच्या वाढीचा झपाटा साधारणपणे तेराव्या-चौदाव्या वर्षी येतो. काहींना तो लवकर येतो, काहींना बराच उशिरा. एकाच वर्गातील दोन मुले जन्मतारखेने सारखी असली, तरी शरीराच्या वाढीत त्यांच्यात दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. जन्ममहिन्याचाही प्रभाव पडतो. कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंचा अभ्यास करून रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की वयोगटाच्या कालगणनेत वर्षाच्या आरंभी जन्मलेल्या मुलांचा निवडलेल्या संघांत फार मोठा भरणा असतो. काही महिन्यांनी मोठा असलेला मुलगा अंगाने मोठा दिसतो, म्हणून निवडला जातो. निवडला गेल्यामुळे त्याला चांगला प्रशिक्षक, पुरेसा आहार आणि अधिक सामने मिळतात. पाच वर्षांनी तो खरोखरच सरस ठरतो, आणि निवड करणाऱ्यांना आपली पारख अचूक होती असे वाटते.

नाकारलेल्या मुलाचे काय होते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. नजर सरावाने घडते आणि सरावाची संधी निवडीवर अवलंबून असते. म्हणजे ज्याला मैदानाबाहेर ठेवले, त्याची नजर तयार होण्याची वाटच बंद होते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराच्या किंवा खेड्यातील अल्पभूधारकाच्या मुलाला शासकीय क्रीडा वसतिगृहाखेरीज दुसरी वाट नसते. सधन घरातील बुटक्या मुलाला खासगी प्रशिक्षणवर्गाची फी भरून दुसरी संधी विकत घेता येते. फूटपट्टी सर्वांना सारखीच लागते, परंतु तिच्या निकालाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

यावर उपाय फार खर्चिक आहेत असे नाही. उंची-वजनाच्या नोंदी ठेवाव्यात. मात्र बारा-तेरा वर्षांच्या वयात त्यांना निकालात निर्णायक स्थान देऊ नये. चाचणीचा काही भाग प्रत्यक्ष खेळाचा असावा: लहान मैदानात मोजक्या गड्यांचे सामने लावावेत आणि दोन-तीन जाणत्या प्रशिक्षकांनी परस्परांशी न बोलता मुलांच्या निर्णयांना गुण द्यावेत. नाकारलेल्या मुलांना दोन वर्षांनी पुन्हा बोलावण्याची वाट ठेवावी. आणि उंचीचा निकष लावायचाच, तर तो खेळ आणि खेळातील जागा पाहून लावावा. व्हॉलीबॉलमध्ये जाळीजवळ उडणाऱ्यासाठी तो योग्य असेल, चढाईपटूसाठी असेलच असे नाही.

या गोष्टींना वेळ लागेल, प्रशिक्षकांचे कष्ट वाढतील आणि निवडीवर वाद होण्याचा संभवही वाढेल. पट्टीवरच्या आकड्याविरुद्ध कोणी तक्रार करीत नाही. जाणत्याच्या मताविरुद्ध करतात. वाद टाळण्याच्या सोयीसाठी आज पट्टीला जो मान दिला जातो, त्याची भरपाई मैदानाबाहेर उभी असलेली मुले करीत आहेत.